संगणकातील दप्तर आणि त्याचा पहारेकरी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या वार्षिक संमेलनात बोलावयास उभे राहणाऱ्याने शिक्षण, काटकसर, विवाहातील खर्च अथवा तरुणांची कर्तव्ये यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा आपला प्रघात आहे. तो प्रघात सोडून आम्ही आज संगणकाविषयी बोलणार आहोत, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या घरांतील कागदपत्रांची जागाच बदलली आहे. पूर्वी घराचे दप्तर माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत असे. खरेदीखते, जन्मपत्रिका, कोणाचे मृत्युपत्र, कोणाच्या मुंजीचा फोटो, सारे एका रुमालात बांधलेले. ते आता संगणकात आले आहे. ट्रंकेस वाळवी लागे, कागदास कसर लागे, पावसाळ्यात कौलांतून पाणी शिरे. संगणकातील दप्तरास यांपैकी कशाचेही भय नाही. पण त्याचे म्हणून एक निराळे भय आहे, आणि त्याची ओळख आपल्यापैकी निदान एका कुटुंबास फार महाग पडली. संगणकाच्या रक्षणासाठी नेमलेल्या पहारेकऱ्यानेच घरची चीजवस्तू उचलून नेली, तर ती परत कशी मिळवावी, हा आमचा आजचा विषय आहे.

या पहारेकऱ्यास अँटीव्हायरस म्हणतात, हे शाळकरी मुलासही ठाऊक आहे. या धंद्यात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामापासून आरंभ करून पुण्याच्या कैलास काटकर यांनी आपले बंधू संजय यांच्या साह्याने ‘क्विक हील’ हे सॉफ्टवेअर देशभर नेले, ही गोष्ट आपल्या तरुणांनी मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. असो. पहारेकऱ्याचे नाव सर्वांस ठाऊक असले, तरी त्याची काम करण्याची रीत थोड्यांस ठाऊक असते. ती समजल्यावाचून पुढील हकीकत नीट समजावयाची नाही, म्हणून ती आधी सांगतो.

पोलीस ठाण्यात ज्याप्रमाणे सराईत गुन्हेगारांच्या बोटांचे ठसे जपून ठेवलेले असतात, त्याप्रमाणे अँटीव्हायरसजवळ आजवर सापडलेल्या अपायकारक प्रोग्रॅमांच्या खुणांची एक मोठी यादी असते. संगणकातील प्रत्येक फाईल तो या यादीशी ताडून पाहतो. या कामी त्याची परीक्षा घेण्याकरिता तज्ज्ञांनी अवघ्या ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ ठरवून दिली आहे. तिला आयकार चाचणी-फाईल म्हणतात. तिच्यात कोणाचे काडीचेही नुकसान करण्याचे सामर्थ्य नाही. परंतु ती दिसताच बहुतेक सर्व अँटीव्हायरस आरडाओरड करतात, कारण ती यादीत आहे. यावरून लक्षात येईल की, पहारेकरी वस्तूचे गुणदोष पाहत नाही, खूण जुळली की नाही एवढेच पाहतो.

ही रीत एकटी पुरत नाही, कारण नवे अपायकारक प्रोग्रॅम दररोज निघतात आणि त्यांचे ठसे अद्याप कोणापाशी नसतात. म्हणून दुसरी रीत आली, ती चालचलणुकीवरून संशय घेण्याची. एखादी फाईल स्वतःच उघडून दुसऱ्या फाईली बाहेर काढू लागली, अथवा कळफलकावरील प्रत्येक आघात मधल्यामध्ये टिपू लागली, की पहारेकऱ्यास ती चोरासारखी वाटते. आता मराठी अक्षरे उमटविणारे जुने प्रोग्रॅम कळफलकावरील आघात मधेच पकडून त्याचे देवनागरी अक्षर करीत असत, हे आपल्यापैकी छपाईच्या धंद्यात असलेल्यांस सांगावयास नको. चोर तेच करतो आणि साधा टंकलेखकही तेच करतो; हेतू मात्र भिन्न. आणि हेतू ओळखण्याची विद्या अद्याप यंत्रास पुरती साधलेली नाही. त्यामुळे कधी कधी चोर सोडून संन्याशास सुळी, असा प्रकार घडतो.

संशयित फाईल सापडली म्हणजे पहारेकरी तिला एका कोठडीत ठेवतो. तिला ‘क्वारंटाइन’ असे नाव आहे. साथीच्या गावांहून आलेली जहाजे चाळीस दिवस बंदराबाहेर थोपवून धरण्याची व्हेनिसमध्ये चाल होती, त्या ‘चाळीस’वरून हा शब्द आला. आमच्या पिढीने तो २०२० साली करोनाच्या निमित्ताने पुनः ऐकला. पण आमच्या आजोबा-पणजोबांच्या बोलण्यात तो १८९७ च्या पुण्याच्या प्लेगापासून होता. त्या वेळी घरोघर झडती होई, रोग्यास छावणीत नेत, आणि त्याचे अंथरूण-पांघरूण जाळून टाकीत. रोग खरा होता, आणि बंदोबस्तही अवश्य होता. परंतु झडती घेणाऱ्या सोजिरास कोणती गोधडी संसर्गाची आणि कोणती आजीच्या हातची, हे कोठून समजणार? संगणकातील कोठडीची गोष्ट तीच. तेथे फाईल सांकेतिक रूपात गुंडाळून ठेवलेली असते, म्हणजे ती मेलेली नसते. मात्र कोठडीस मुदत असते, आकाराची मर्यादाही असू शकते. मुदत सरली म्हणजे आतील फाईल पुसली जाते, आणि एखादी फाईल कोठडीत मावण्याजोगी नसेल तर काही सॉफ्टवेअरे ती थेट पुसूनच टाकतात. ही बाब घरोघरच्या मंडळींस माहीत नसते आणि विकणारा ती सांगत नाही.

असे प्रमाद लहानसहान कंपन्यांकडूनच घडतात असे कोणी समजू नये. मार्च २००६ मध्ये मॅकॅफी या नामांकित अँटीव्हायरसने एक्सेल या हिशेबाच्या प्रोग्रॅमलाच व्हायरस ठरवून कित्येकांच्या संगणकांतून उचलले. २००७ च्या मे महिन्यात सिमँटेकच्या सॉफ्टवेअरने चिनी भाषेतील विंडोज एक्सपीच्या दोन आवश्यक फाईली काढून घेतल्या आणि ते संगणक पुनः सुरूच होईनात. पण सर्वांत गाजलेले प्रकरण २१ एप्रिल २०१० चे. त्या दिवशी मॅकॅफीने यादीची जी सुधारित आवृत्ती धाडली, तिच्यायोगे विंडोज एक्सपीतील ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाची, संगणकाच्या अगदी प्राणस्थानी असलेली फाईल व्हायरस म्हणून धरली गेली. संगणक आपोआप बंद होऊन पुनः सुरू होत, पुनः बंद पडत. त्यांचा बाहेरच्या जाळ्याशी संबंध तुटे, आणि त्यामुळे चूक दुरुस्त करणारी नवी यादीदेखील त्यांच्यापर्यंत पोचेना. अमेरिकेतील रुग्णालये आणि विद्यापीठे, ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या दुकानसाखळीचे गल्ले, सारे अडून बसले. सप्टेंबर २०१२ मध्ये तर सोफॉस या कंपनीच्या पहारेकऱ्याने स्वतःची यादी आणणाऱ्या आपल्याच प्रोग्रॅमला चोर म्हणून पकडले! आणि अलीकडे, १३ जानेवारी २०२३ रोजी, मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरमधील एका नियमाने अनेक कचेऱ्यांतील संगणकांच्या पडद्यांवरील प्रोग्रॅम उघडण्याच्या खुणाच पुसून टाकल्या. प्रोग्रॅम जागच्या जागी होते. दार नाहीसे झाले होते.

या मोठ्या प्रकरणांत एक गोष्ट बरी असते. हजारो लोकांचे एकदम अडले म्हणजे कंपनीस जाग येते, दोन-चार दिवसांत उतारा निघतो, आणि संगणकाच्या फाईली दुसरीकडून पुनः आणता येतात. कारण त्या सर्वांकडे सारख्याच असतात. घरगुती दप्तराचे तसे नाही. आजोबांचे पत्र जगात एकच असते. ते गेले तर कोणत्याही कंपनीस त्याचा पत्ता नसतो, आणि वर्तमानपत्रात त्याची बातमीही येत नाही.

यातही सर्वांत घातक प्रकार पत्रपेटीचा आहे, तो थोडा विस्ताराने सांगतो. आज बहुतेकांची ई-पत्रे कंपनीच्या दूरच्या संगणकावर राहतात. पण पंधरा-वीस वर्षांपूर्वी ती आपल्याच संगणकात उतरवून घेण्याची पद्धत होती, आणि ज्येष्ठांपैकी कित्येक अद्यापही तसेच करतात. आऊटलुक एक्सप्रेस या जुन्या प्रोग्रॅमात, तसेच थंडरबर्डमध्येही सामान्यतः, एका कप्प्यातील सर्व पत्रे मिळून एकच फाईल असे. पडद्यावर आपणांस दोन हजार पत्रे निरनिराळी दिसतात. तबकडीवर मात्र ते एकच लांबलचक भेंडोळे. आता त्यांतील एका पत्रासोबत कोणा अनोळखी इसमाने व्हायरस असलेली पुरवणी धाडली, आणि पहारेकऱ्यास ती सापडली, तर तो त्या एका पत्रास न उचलता सबंध भेंडोळेच उचलतो. उकिरड्यावर टाकण्याजोग्या एका चिठ्ठीपायी वीस वर्षांचा पत्रव्यवहार जातो. थंडरबर्ड चालविणाऱ्या मोझिला संस्थेने याविषयी सावधगिरीची सूचना दिली आहे, आणि येणारे प्रत्येक पत्र प्रथम वेगळे ठेवून तपासू द्यावे अशी सोयही त्या प्रोग्रॅमात आहे. सूचना वाचतो कोण, हा प्रश्न निराळा.

आता आपल्या घरची हकीकत. आपल्या मंडळाचे एक कार्यवाह, ज्यांना आपण सारे अण्णा म्हणत असू, ते २०१७ साली कैलासवासी झाले. आयुष्याची तीसाहून अधिक वर्षे त्यांनी आपल्या कुळांच्या वंशावळी जमविण्यात घालविली. बडोदे, इंदूर, नागपूर, बेळगाव, जेथे जेथे आपली घरे गेली तेथे त्यांची पत्रे गेली. प्रथम पोस्टकार्डे, आणि २००३ पासून ई-पत्रे. वयाची साठी उलटल्यावर ते संगणक शिकले, आणि असे शिकले की नातवांनी त्यांना विचारावे. कुळांची नोंदवही त्यांनी एक्सेलमध्ये केली होती. कोणाच्याही नावावर बोट ठेवताच त्याच्या सात पिढ्या समोर याव्यात, यासाठी पुतण्याकडून तिच्यात मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, घालून घेतल्या होत्या. घरोघरचे जुने फोटो मागवून, त्यांच्या प्रतिमा काढून, मूळ फोटो रजिस्टर टपालाने परत धाडण्याचा त्यांचा नेम होता. त्या सहाशेच्या वर प्रतिमा त्यांनी, जागा वाचावी म्हणून, एका स्वतःच उघडणाऱ्या गाठोड्यात बांधल्या आणि सुट्या प्रतिमा पुसून टाकल्या.

मॅक्रो असलेली वही, स्वतःच उघडणारे गाठोडे आणि पत्रांचे एकसंध भेंडोळे! सद्‌गृहस्थहो, पहारेकऱ्याच्या दृष्टीने याहून अधिक संशयास्पद घर शोधूनही सापडले नसते. १९९५ नंतर वर्ड-एक्सेलच्या फाईलींतून मॅक्रो-व्हायरसांनी जगभर धुमाकूळ घातला. १९९९ च्या ‘मेलिसा’ने तर मोठमोठ्या कचेऱ्यांची पत्रव्यवस्था बंद पाडली. तेव्हापासून मॅक्रोंवर त्याचा डोळा आहे, आणि स्वतःच उघडणारी गाठोडी हा तर दरोडेखोरांचा आवडता वेष. अण्णांच्या हयातीत जुना पहारेकरी होता, तो या सर्वांस ओळखून होता. त्यांच्या मागे २०२१ साली घरच्या मुलांच्या शाळेसाठी तोच संगणक पुनः वापरात आला आणि त्यात एक नवे सॉफ्टवेअर बसविण्यात आले. त्याचे नाव आम्ही येथे घेत नाही. घेण्याने काही साधावयाचे नाही. पहिल्याच रात्री त्याने सबंध संगणकाची झडती घेतली, आणि विचारल्यावाचून कारवाई करण्याची मुभा त्यास मुळातच असल्याने, सकाळपर्यंत तिन्ही वस्तू नाहीशा झाल्या.

घरात ही गोष्ट तीन दिवसांनी उघडकीस आली. एका विवाहाच्या बोलणीसाठी कोणाचे तरी मूळ गाव पाहावयाचे होते, म्हणून सूनबाईंनी नोंदवही उघडावयास घेतली. “काका, अण्णांची वही नाही, आणि पत्रांचा डबाही रिकामा आहे,” असा त्यांचा फोन आम्हांस आला तेव्हा त्यांच्या स्वरात जे होते ते आम्ही येथे लिहीत नाही. दरम्यान एका हितचिंतक नातलगाने, “हे सॉफ्टवेअरच घातकी दिसते,” असे म्हणून ते संगणकातून समूळ काढून टाकले होते. हेतू चांगला होता, आणि रागही समजण्याजोगा. परंतु पहारेकऱ्यास घालवून दिले, की पुष्कळदा त्याची कोठडीही आतल्या कैद्यांसह जाते. येथे तसेच झाले. भेंडोळे तर कोठडीच्या मर्यादेहून मोठे असल्याने आधीच पुसले गेले होते.

येथून पुढे जे केले ते आपल्यातील एका तरुणाच्या साह्याने; तो याच धंद्यात आहे, आणि आपले नाव येऊ नये अशी त्याची विनंती आहे. त्याने पहिली आज्ञा केली ती अशी की, संगणक ताबडतोब बंद करावा आणि पुनः सुरूही करू नये. कारण असे की, फाईल पुसली म्हणजे प्रथम केवळ तिची अनुक्रमणिकेतील नोंद खोडली जाते. पुस्तकातील पाने जागच्या जागी असतात. मात्र ती पाने आता कोरी समजली जात असल्याने संगणक केव्हाही त्यांवर नवे लिहू शकतो. मुलाने एक चित्रपट उतरविला, अथवा गमावलेले शोधण्याचा प्रोग्रॅमच त्याच तबकडीवर बसविला, तर शोधावयाचे तेच बुजते. अण्णांच्या संगणकात जुन्या पद्धतीची फिरती तबकडी होती, हे आपले भाग्य. हल्लीच्या एसएसडी या प्रकारात पुसलेली जागा यंत्र स्वतःच मागाहून साफ करून टाकते, आणि मग शोधण्यास फारसे काही उरत नाही.

त्याने तबकडी बाहेर काढली, केवळ वाचण्यापुरती दुसऱ्या संगणकास जोडली, तिची अक्षरशः नक्कल करून घेतली, आणि मूळ तबकडी कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. पुढचे सारे काम नकलेवर. त्यासाठी ‘फोटोरेक’ नावाचा प्रोग्रॅम वापरला. तो ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी रचलेला असून तो विनामूल्य मिळतो. हा प्रोग्रॅम अनुक्रमणिकेकडे पाहतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाईलीचा आरंभ ठरलेल्या खुणेने होतो. छायाचित्राचा एका, दस्तऐवजाचा दुसऱ्या. ती खूण जेथे दिसेल तेथून तो पान पान जोडीत जातो. एका रात्रीत काम होत नाही. आम्ही त्या पडद्यासमोर बसून वाढत जाणारे आकडे पाहत होतो, त्या काळात आमच्या घरी चहाची किती भांडी रिकामी झाली याचा हिशेब ठेवलेला नाही.

गाठोडे पूर्ण मिळाले नाही. त्याचे तुकडे तबकडीभर विखुरलेले होते आणि काही बुजले होते. परंतु बांधण्यापूर्वीच्या ज्या सुट्या प्रतिमा अण्णांनी कित्येक वर्षांमागे पुसल्या होत्या, त्यांतील पुष्कळ कोऱ्या पानांवर तशाच पडून होत्या. चारशेच्या वर अखंड निघाल्या. कित्येकांचा वरचा अर्धा भाग स्वच्छ आणि खालचा करडा आहे. डोक्याचे पागोटे आहे, पाय नाहीत. अनुक्रमणिकेकडे न पाहिल्याची किंमतही द्यावी लागली. अण्णांनी प्रत्येक प्रतिमेस नाव, गाव आणि साल घातले होते. ते सारे गेले, आणि त्या जागी ‘एफ’ या अक्षरापुढे सात-आठ आकडे आले.

पत्रांच्या बाबतीत एक विलक्षण अनुभव आला. भेंडोळ्याचे तुकडे शोधण्यासाठी त्या तरुणाने ओळखीचे शब्द घेऊन तबकडी धुंडाळली. परदेशी गेलेली आपली मंडळी त्या काळी देवनागरी कळफलकाअभावी रोमन लिपीत मराठी लिहीत, आणि अण्णा त्यांच्यावर रागावत. ती पत्रे साध्या अक्षरांत असल्याने शोधताच मिळाली. अण्णांच्या आग्रहाखातर ज्यांनी शुद्ध देवनागरीत लिहिले होते, त्यांची पत्रे मात्र ई-पत्राच्या नियमानुसार सांकेतिक अक्षरांत गुंडाळलेली होती. त्यांतील शब्द सरळ शोधून सापडेनात. ती उकलण्यास महिने लागले, आणि सर्व अद्याप उकललेली नाहीत. अण्णा असते तर या अन्यायावर त्यांनी मंडळाच्या सभेत ठराव आणला असता.

तथापि खरी भरपाई यंत्राने केली नाही, ती माणसांनी केली. पत्र ही दोन घरांची वस्तू आहे. आम्ही अण्णांच्या ज्ञात पत्रमित्रांस विनंतीपत्रे धाडली, आणि बडोद्याहून, इंदुराहून, समुद्रापलीकडूनही अण्णांची उत्तरे, त्यांत उतरलेल्या मूळ प्रश्नांसह, परत येऊ लागली. नोंदवहीदेखील अशीच मिळाली. २०१४ साली अण्णांनी ती इंदूरच्या एका भगिनींस तपासण्यासाठी धाडली होती. त्यांनी ती कधीच पुसली नव्हती. त्यापुढची तीन वर्षे गेली. त्या काळातील काही नोंदी अण्णांच्या खिशातील डायऱ्यांवरून लागल्या, बाकीच्या कुटुंबांस पुनः विचारून लावीत आहोत.

एवढे ऐकल्यावर कोणी घरी जाऊन पहारेकऱ्यास हाकलून देईल, तर ते मात्र करू नये. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या दरोडेखोर प्रोग्रॅमने दीडशेच्या आसपास देशांत संगणकांतील फाईलींस कुलपे घालून खंडणी मागितली. इंग्लंडातील रुग्णालयांस रोगी परत धाडावे लागले. कुंपण शेत खाते म्हणून कुंपणच काढून टाकणारा शेतकरी दुसऱ्या दिवशी गुरांना काय सांगणार? पहारेकरी ठेवावा, पण त्यास हुकूम द्यावा. बहुतेक सॉफ्टवेअरांत, काही सापडल्यास आधी विचारावे अथवा निदान कोठडीत ठेवावे, पुसू नये, अशी सोय असते. ती घरातील जाणत्याकडून लावून घ्यावी. आपल्या दप्तराचा कप्पा झडतीतून वगळता येतो, पण तेथे बाहेरून आलेली कोणतीही वस्तू ठेवू नये, नाहीतर चोरास राखीव खोली दिल्यासारखे होईल. फाईल नाहीशी दिसली तर प्रथम कोठडी उघडून पाहावी. विंडोजमधील डिफेंडरात ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ या नावाखाली ती यादी असते आणि तेथून फाईल परत आणता येते. कोठडी पाहिल्यावाचून सॉफ्टवेअर काढू नये, हे अण्णांच्या घरी जे झाले त्यावरून वेगळे सांगावयास नको.

परत आणण्यापूर्वी, फाईल खरोखरच निर्दोष आहे की नाही याचाही शोध घ्यावा. ‘व्हायरसटोटल’ म्हणून एक सेवा आहे. २००४ साली स्पेनमध्ये निघाली, २०१२ पासून गूगलकडे आहे. तेथे फाईल दिली असता अनेक पहारेकऱ्यांचे मत एकदम मिळते. सत्तरांतून एकानेच दोषी म्हटले असेल, तर बहुधा त्याचीच दृष्टी अधू. मात्र तेथे दिलेली फाईल इतर संशोधकांच्याही हाती जाऊ शकते. तेव्हा खरेदीखत, मृत्युपत्र, वैद्यकीय कागद असे काही तेथे धाडू नये. फोनवरून, “तुमचा संगणक आमच्या हाती द्या, आम्ही फाईली परत मिळवून देतो,” असे सांगणाऱ्यांवर तर मुळीच विसंबू नये. ते दुःखी घराचा वास काढीत हिंडत असतात.

दप्तराच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक प्रत घराबाहेर, असा एक नियम छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावे प्रसिद्ध आहे. आमच्या आजींस तो न शिकविताच ठाऊक होता. लोणच्याची एक बरणी त्या नेहमी लेकीकडे ठेवीत. आम्ही त्यात एवढीच भर घालू की, घराबाहेरची प्रत संगणकास सदैव जोडलेली नसावी. जोडलेल्या प्रतीपर्यंत पहारेकऱ्याचाही हात पोचतो आणि दरोडेखोराचाही. कार्यकारी मंडळाने आता नोंदवहीची एक प्रत साध्या मजकुराच्या रूपात, मॅक्रोवाचून, आणि एक प्रत कागदावर छापून बांधून ठेवण्याचे ठरविले आहे. कागदी प्रत ग्रंथालयात मिळेल. ती घरी नेता येणार नाही.

राहता राहिली ती नावे हरवलेली छायाचित्रे. त्यांपैकी ओळख न पटलेली सर्व छापून सभागृहाच्या बाहेरील दालनात मांडली आहेत. प्रत्येकाखाली तो ‘एफ’चा आकडा आहे आणि शेजारी कोरी चिठ्ठी व पेन्सिल ठेवली आहे. सत्तरी ओलांडलेल्या मंडळींस आमची विशेष विनंती आहे, की भोजनापूर्वी त्यांनी एक फेरी मारावी, आणि खात्री नसली तरी जे आठवेल ते लिहावे; चिठ्ठीवर आपले नाव घालावे म्हणजे आम्हांस पुनः विचारता येईल. विहिरीच्या कठड्याशी सात स्त्रिया उभ्या आहेत, असे एक चित्र दाराजवळच लाविले आहे. त्यातील डावीकडून तिसरी कोण, याविषयी दोन कुटुंबांचे दोन दावे आतापर्यंत आले आहेत. २०१४ नंतर ज्यांच्या घरी विवाह अथवा जन्म झाला त्यांच्यासाठी नोंदीचे अर्ज त्याच टेबलावर आहेत. दालन आज सायंकाळी सातपर्यंत आणि उद्या सकाळी दहा ते बारा उघडे राहील.